परत आलेल्या प्लेटा

१८ नोव्हेंबर

मावशी,

फोन केला की तू "हं, बोल" म्हणतेस आणि मागे पातेली आपटत असतात, म्हणून पत्र लिहितेय. मी हॉस्टेलवर असताना लिहायचे तसं. तेव्हा तू माझ्या शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनाने दुरुस्त करून पत्र परत पाठवायचीस. हेही तसंच परत आलं तरी चालेल.

काम आहे. एका विमा कंपनीने आमच्या हॉस्पिटलच्या आहार विभागाकडे एक पत्रक मागितलंय. वर्षअखेरच्या सुट्ट्या जवळ आल्या की त्यांच्या सगळ्या शाखांमध्ये पार्ट्या होतात, आणि जानेवारीत निम्मी माणसं साखर वाढली, पोट बिघडलं म्हणून रजेवर जातात. पार्ट्या बंद करणं काही त्यांच्या साहेबांच्या हातात नाही. निदान माणसं भानावर राहून जेवतील असं काहीतरी करा म्हणाले. विभागात मी सगळ्यात धाकटी, त्यामुळे ते माझ्या गळ्यात पडलं.

मसुदा सोबत ठेवलाय. चार गोष्टी सांगितल्यात. आधी सगळं टेबल फिरून बघा, मगच वाढून घ्या. प्लेट अर्धीच भरा. दर तीन-चार घासांनी चमचा खाली ठेवा आणि दोन घोट पाणी प्या. पोट भरलंसं वाटलं की प्लेटमध्ये उरलं असलं तरी थांबा, वाया जाईल म्हणून गिळू नका.

तू एवढी वर्षं पार्ट्यांचा स्वयंपाक बघतेस. लोक खरंच कसे जेवतात ते तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार? वाच आणि काय वाटतं ते लिही. मनाला लावून घेणार नाही.

आणि हो, आईने तुझा फोटो पाठवला. केवढी बारीक झालीस! माझं पत्रक छापायच्या आधीच तू पाळायला लागलीस की काय? आमच्या बाह्यरुग्ण विभागात तुला उभी करून लोकांना दाखवावं असं वाटलं. अशीच राहा.

तुझी,
खारू


२५ नोव्हेंबर

खारू,

लाल पेन सापडलं नाही, निळ्याने दुरुस्त केलंय. "आहारविषयक सजगता" हे खोडलं. असलं काही वाचून कुणी चमचा खाली ठेवणार नाही. "जेवताना जेवणाकडे लक्ष द्या" एवढं पुरे.

बाकी पत्रक चांगलं आहे. पार्टीला आलेल्या माणसाला आपण काय खातोय ते निम्म्या वेळा माहीतच नसतं. एका हातात प्लेट, समोर साहेब, साहेब बोलतोय म्हणून मान डोलवायची आणि मान डोलवता डोलवता तोंडात भरत राहायचं. "मला नको, पथ्य आहे" म्हणणारे नवरे बायकोच्या प्लेटमधून खातात. केकचा तुकडा अर्धा करून घेणाऱ्या बायका उरलेला अर्धा न्यायला परत येतात, आणि तो दुसऱ्या कुणी नेला असला तर त्यांचं तोंड बघण्यासारखं होतं. टेबल आधी फिरून बघा हे तू लिहिलंस ते सगळ्यात उत्तम. कुणी करत नाही. पहिल्या पातेल्यापाशीच अर्धी गर्दी असते.

आता दुसरं. तुझ्यापासून लपवणार होते, पण तू फोटोवरून जे लिहिलंस ते वाचून गप्प बसवेना. हे तुझ्या आईला कळता कामा नये. तिला कळलं की ती बॅग भरून इथे येईल आणि मला तिचाच स्वयंपाक करावा लागेल.

मी बारीक झाले ते काही पाळून नाही. एप्रिलमध्ये मला ताप आला होता, आठवतं? चार दिवसांनी ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. चवही गेली. जिभेवर मीठ ठेवलं तर बारीक खडे लागतात, खारट लागत नाही. कांदा, कॉफी, साबण, सगळं सारखंच. आधी वाटलं आठ दिवसांत येईल. मग महिन्यात येईल. आता आठवा महिना चाललाय.

दुसऱ्या कुणाचं असतं तर एवढं बिघडलं नसतं. पण माझं काम तुला माहीत आहे. या स्वयंपाकघरात मी एकतीस वर्षं आहे आणि त्यातली अठरा वर्षं मी शिजवत नाही, चव बघते. आमच्याकडे पातेलं गाडीत चढण्याआधी झाकणावर पांढरी पट्टी चिकटवतात. मी चव बघते आणि पट्टीवर वेळ लिहून माझी खूण करते, एक टिंब आणि खाली आडवी रेघ. खूण नसलेलं पातेलं दाराबाहेर जात नाही. मालकांनी स्वतः भरलेलं असलं तरी नाही. एप्रिलपासून मी ती खूण खोटी करतेय.

तू विचारशील, मग चालतं कसं? मापं माझ्या हातात आहेत. किती किलोला किती मीठ, किती आंबट, ते झोपेतून उठवलं तरी सांगेन, आणि पार्ट्यांच्या हंगामात मीठ मी स्वतः घालते. शिवाय मी आता पार्टीच्या जागी जाते. पूर्वी जात नसे. तिथे मागच्या बाजूला प्लेटा धुतात त्या मोरीपाशी उभी राहते. प्लेटा परत येतात त्या बघते. स्वच्छ पुसून आल्या की जमलं. रस्सा उरला आणि भात संपला म्हणजे तिखट झालं. सगळंच उरलं आणि टेबलावरचे पाण्याचे जग पुन्हा पुन्हा भरावे लागले तर खारट. आठ महिन्यांत एकदाही खारट झालं नाही.

ठीकरावांना का विचारत नाहीस म्हणशील. ठीकराव म्हणजे आमचे दोन नंबरचे आचारी. पन्नाशीचे आहेत, हात चांगला, जीभही चांगली असणार. पण त्यांना काहीही विचारलं की "ठीक आहे" म्हणतात. रस्सा कसा झाला? ठीक. बायकोचं ऑपरेशन कसं झालं? ठीक. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशीच कळतं. त्यांच्या "ठीक"वर मी तीनशे माणसांचं जेवण सोडू शकत नाही.

एवढंच. आता लगेच उपदेशाचं पान पाठवू नकोस.

मावशी


२९ नोव्हेंबर

मावशी,

पाठवतेच आहे.

आधी माफ कर. "अशीच राहा" असं मी लिहिलं. ते आठवलं की मलाच मेल्याहून मेल्यासारखं होतं. रोज दहा माणसांना वजन का उतरलं ते विचारते, पगार त्याचाच घेते, आणि सख्ख्या मावशीला टाळ्या वाजवून मोकळी झाले.

आता नीट ऐक. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. या आठवड्यात. अशा तापानंतर वास जातो आणि पुष्कळांचा परतही येतो, पण त्यासाठी करायच्या गोष्टी असतात आणि तू आठ महिने वाया घालवलेस. दुसरं, तुला गॅसचा वास येत नाही. करपलेलं कळत नाही. नासलेलं कळत नाही. घरी एकटी असतेस आणि कामावर वीस शेगड्यांच्या मधोमध. तिसरं, मालकांना सांग. खूण खोटी करतेय असं तू स्वतः लिहिलंस, मी नाही. एखाद्या दिवशी शिळं मटण त्या झाकणाखालून गेलं तर प्लेटा परत येईपर्यंत तीनशे माणसांनी ते खाल्लेलं असेल.

पंधरा दिवसांत सांगितलं नाहीस तर मी आईला सांगेन. ही धमकी आहे.

आणि तू काय जेवतेस ते रोजचं लिहून पाठव. खरं खरं.

पत्रक कंपनीला फार आवडलं. तुझं निळं पेन उपयोगी पडलं. प्रत्येक शाखेत पार्टीच्या दारातच प्रत्येकाच्या हातात देणार आहेत.

खारू


५ डिसेंबर

खारू,

सांग तुझ्या आईला. तिला पत्ता पाठ आहे.

तू मालकांना सांग म्हणतेस. आमच्या आधीच्या मोठ्या आचाऱ्यांना तू पाहिलं नाहीस. डोळ्यांत मोतीबिंदू झाला, त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. मालक वाईट नाहीत, त्यांनी काढलं नाही. लसूण सोलायला बसवलं. ज्यांच्या समोर आम्ही चमचा धरताना थरथरायचो ते कोपऱ्यात स्टुलावर बसून लसूण सोलायचे, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यांच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं गोड बोलायचा. सहा महिन्यांत स्वतःच यायचे बंद झाले. मला लसूण सोलायची लाज नाही, हजारो पाकळ्या सोलल्यात. मला ते गोड बोलणं नको आहे. मी लग्न केलं नाही, घर बांधलं नाही, माझ्याकडे हे एकच आहे. बाई चव बघतात. एवढीच माझी ओळख आहे, आणि तू ती पंधरा दिवसांच्या मुदतीत मागतेस.

राग आला होता म्हणून चार दिवस पत्र लिहिलं नाही. आता उतरलाय.

डॉक्टरांकडे जाऊन आले. तरुण आहे, नाकात दुर्बीण घातली आणि मला पडद्यावर माझंच नाक दाखवलं. त्याने चार लहान बाटल्या दिल्यात. लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगायची आणि तो वास कसा होता ते आठवायचा प्रयत्न करायचा. येईल का विचारलं, तर म्हणाला, येतो काहींचा, काहींचा येत नाही. निदान खोटं बोलला नाही. घरात गॅस ओळखणारं यंत्र लावून घेतलंय, तेव्हा त्याचं टुमणं बंद कर. शिळ्या मटणाचं म्हणशील तर माल उतरताना ठीकराव बघतात, आणि नासलं असलं की ते "ठीक" म्हणत नाहीत, पाटी उचलून परत गाडीत टाकतात.

काय जेवते ते विचारलंस. सकाळी पाव आणि दूध. दुपारी कामावर उभ्याउभ्या काहीतरी. संध्याकाळी भात आणि जे असेल ते. ओला कागद चावल्यासारखं लागतं. तू पत्रकात लिहिलंस, जेवताना जेवणाकडे लक्ष द्या. मी मन लावून जेवायला बसले की तिसऱ्या घासाला उठते. म्हणून मी टीव्ही लावते, घड्याळ समोर ठेवते आणि वीस मिनिटं संपेपर्यंत घास मोजत बसते. भूक लागते, पण जेवावंसं वाटत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या असतात हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं.

पुढच्या पंधरवड्यात अकरा पार्ट्या आहेत. या अकरा होऊ देत. मग बघू.

मावशी


१० डिसेंबर

मावशी,

आईला काही सांगितलं नाही, सांगणारही नाही. ती धमकी परत घेतली. लसणीचं वाचून रडले, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

फक्त एक कर. अंडी, दूध, डाळ यांतलं काहीतरी दिवसातून दोनदा घे, आवडत नसलं तरी औषध म्हणून. कुरकुरीत आणि थंडगार पदार्थ तुला बरे वाटतील. चव नसली तरी दाताखाली काहीतरी घडतं. आमच्याकडे असे दोन रुग्ण आहेत, ते काकडीवर जगतात.

इथे माझी धावपळ चालू आहे. विमा कंपनीने मला पडद्यावरून सगळ्या शाखांसमोर अर्धा तास बोलायला लावलं. शेवटी साहेबांनी सगळ्यांना हात वर करून कबूल करायला लावलं की यंदा प्लेटमधलं अर्धंच खाणार आणि घासाघासाला पाणी पिणार. शाळेत प्रतिज्ञा म्हणतात तसं. मी तोंड दाबून हसत होते, पण लोकांनी खरंच हात वर केले. कुठल्या शाखेने जास्त पाळलं ते बघून ढालसुद्धा देणार आहेत.

पार्ट्या झाल्या की लिही. घाई नाही.

खारू


१९ डिसेंबर

खारू,

सगळं संपलं, आणि तुझ्या पंधरा दिवसांत संपलं नाही म्हणून रागावू नकोस.

सहा पार्ट्या नीट झाल्या. सातवी परवाची होती. इथल्या एका मोठ्या विमा कंपनीची, तीनशे वीस माणसं. सूप, मटणाचा रस्सा, भात, भाजलेल्या भाज्या, मासे, शेवटी केक. रश्शात मीठ मी स्वतः घातलं. घालताना गाडीवाला चावी मागायला आला होता. मी चावी दिली आणि परत पातेल्याकडे वळले. एवढं आठवतं.

मी मोरीपाशी उभी होते. साडेआठला प्लेटांची पहिली खेप आली. अर्ध्याहून जास्त प्लेटांत रस्सा तसाच. भात तसाच. मासेसुद्धा. केक तर नुसता कोपऱ्यातून टोकरलेला. मी वाढप्याला विचारलं, तर म्हणाला, बाई, आज पाण्याचे जग भरून भरून हात मोडले. तिसऱ्यांदा भरतोय. दुसरी खेप आली, तीही तशीच.

चावी दिल्यावर परत वळून मी दुसऱ्यांदा मीठ घातलं असणार, दुसरं काय? ठीकरावांना बोलावून रस्सा चाखायला लावला. "ठीक आहे" म्हणाले. मी म्हटलं, खारट आहे का ते सांगा. "ठीक आहे" म्हणाले. त्या क्षणी त्यांना धरून हलवावंसं वाटलं.

तक्रार कुणी केली नाही. ते सगळ्यात वाईट. सभ्य माणसं होती, हसून बोलत होती, पाणी पीत होती आणि प्लेट गुपचूप ठेवून देत होती. तीनशे वीस माणसांना मी वर्षाच्या शेवटच्या जेवणाला खारट पाणी वाढलं, आणि झाकणावर माझी खूण होती.

मालक आत आले. मी त्यांना मोरीपाशीच सांगितलं, तिथे ताटं-वाट्यांच्या आवाजात. "मला चव लागत नाही. एप्रिलपासून. आजवरच्या सगळ्या खुणा खोट्या आहेत." त्यांनी रस्सा चाखलाही नाही, मी सांगितलं म्हणजे खारटच असणार असं धरलं. अठरा वर्षांची सवय आहे त्यांना. दुसरी दोन पातेली गाडीत तशीच होती, ती उतरवू नका म्हणाले. मग मला म्हणाले, तुम्ही घरी जा, बाई. बोलावतो.

दोन दिवस घरी आहे. बाटल्या हुंगते. लवंगेच्या बाटलीशी काल काहीतरी टोचल्यासारखं झालं, पण तो बहुतेक माझाच भास. लसूण सोलायला बोलावलं तर जाईन असं ठरवलंय. तू म्हणत होतीस तेच बरोबर होतं. आधी सांगितलं असतं तर निदान ती माणसं जेवली असती.

मावशी


२४ डिसेंबर

मावशी,

हे पत्र मी तीनदा फाडलं. तुझं पत्र आलं त्याच दिवशी त्या विमा कंपनीचंही आलं, आणि दोन्ही शेजारी ठेवून मी दोन दिवस बसले होते.

ती माझीच विमा कंपनी. तुझ्या शहरातली शाखा. मी कधी विचारलं नाही की त्यांचं जेवण कुठून येतं, आणि तू कधी विचारलं नाहीस की पत्रक कुठल्या विमा कंपनीसाठी आहे. त्यांच्या साहेबांनी लिहिलंय ते जसंच्या तसं उतरवते: "आमच्या शाखेने ढाल जिंकली. तीनशे वीसपैकी जवळजवळ सगळ्यांनी अर्धं जेवण प्लेटमध्ये ठेवलं आणि घासाघासाला पाणी प्यायलं. जेवण इतकं चांगलं होतं की ठेवताना जिवावर आलं, विशेषतः रस्सा."

मावशी, रस्सा खारट नव्हता. तू मीठ एकदाच घातलंस. त्यांनी पाणी प्यायलं कारण मी प्या म्हटलं, आणि उरवलं कारण मी उरवा म्हटलं. तुझ्याकडे चव बघायचं एकच साधन उरलं होतं, ते मी इथे बसून पत्रक छापून मोडलं.

दोन दिवस का थांबले ते सांगते, नाहीतर आपल्यात पुन्हा लपवाछपवी होईल. मला वाटलं, हे कळलं की तू मालकांकडे जाशील, रस्सा चांगला होता म्हणून सांगशील, ते ऐकतील, आणि तू परत झाकणांवर खुणा करायला लागशील. न सांगावं म्हणजे तू त्यातून सुटशील असंही मनात आलं. मग दिसलं की तू घरी बसून तीनशे वीस माणसांची माफी मागत असशील, आणि तेही न केलेल्या चुकीसाठी. ते मला बघवेना. म्हणून सांगितलं. आता पुढचं तुझं तू ठरव. मालकांचा नंबर माझ्याकडे आहे, पण फोन करणार नाही.

चार दिवस सुट्टी टाकलीय. सात तारखेला येते. तोवर माझ्यावर हवं तितकं रागाव.

खारू


२ जानेवारी

खारू,

रागावले होते. तुझं पत्र वाचून आधी पत्रकावर रागावले, मग तुझ्यावर, मग हात वर करणाऱ्या त्या तीनशे वीस जणांवर. मग हसू आलं ते थांबेना. शेजारीण दार वाजवून विचारून गेली. ढाल जिंकली म्हणे.

हसून झाल्यावर मात्र एकच वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. मीठ एकदाच घातलंस. हात चुकला नव्हता. हे कळलं नसतं तर मी उरलेलं आयुष्य त्या गाडीच्या चावीपाशीच उभी राहिले असते. सांगितलंस ते बरं केलंस, दोन दिवस थांबलीस तेही समजलं.

पत्रकातलं काही बदलू नकोस. माणसं जपून जेवली, त्यात काय वाईट? चूक माझ्या वाचण्यात होती. प्लेट फक्त किती उरलं ते सांगते, का उरलं ते सांगत नाही. आठ महिने मी तिला नको ते विचारत होते.

आता मालकांचं. त्यांनी अठ्ठावीसला बोलावलं. त्यांनाही कंपनीचा फोन गेला होता, जेवणाची तारीफ झाली होती आणि पुढच्या वर्षीचं कामही त्यांनाच मिळालं होतं. मला खुर्ची दिली. म्हणाले, झालं ते दोघांत राहू दे. आठ महिन्यांत एकाने तक्रार केली नाही. चव कुणीतरी बघेल, तुम्ही फक्त खूण करत जा. तुमची खूण दिसली की सगळे निश्चिंत असतात.

तू ज्याला घाबरलीस तेच माझ्यासमोर आलं. खोटं कशाला सांगू, मला ते हवंहवंसं वाटलं. सगळं होतं तसं राहिलं असतं. कुणी गोड बोललं नसतं.

मी म्हटलं, "निश्चिंत असतात म्हणूनच करणार नाही."

त्यांनी टेबलावरचं कॅलेंडर बाजूला सरकवलं. मग मीच सांगितलं की चव ठीकराव बघतील आणि खूणही त्यांचीच राहील. त्यांना मी शिकवते, मार्चपर्यंत. मार्चनंतर मी काय करायचं ते तेव्हा ठरवू. लसूणही चालेल, पण स्टूल कोपऱ्यात नको. यावर ते हसले आणि हो म्हणाले. ठीकरावांना सांगितलं तर त्यांचं उत्तर तुला माहीतच आहे.

एकतीस तारखेला तीन पार्ट्या होत्या. दुपारी पहिलं पातेलं समोर आलं, मटणाचा रस्सा. ठीकरावांनी चमचा तोंडात घातला, गिळला, "ठीक" म्हणून पट्टीकडे हात नेला. मी पट्टी माझ्याकडे ओढून घेतली. म्हटलं, असं नाही. डोळे मिटा. चमचा खाली ठेवा. आणखी एक घास घ्या, लगेच गिळू नका, आणि काय लागतंय ते मला सांगा. मला कळत नाहीये, मला तुमच्याकडूनच कळणार आहे.

गाडी दारात उभी. वाढपी घड्याळं बघतायत. ठीकरावांच्या कपाळाला घाम आला, लग्नात उखाणा घ्यायला लावलेल्या नवऱ्यासारखा. पाच मिनिटं गेली. मग हळूहळू म्हणाले, आधी मीठ लागतं, बरोबर आहे. मग तिखट येतं, पण घशापाशी, जिभेवर नाही. मग थांबले. पुन्हा एक घास घेतला. म्हणाले, बाई, अगदी शेवटी जळकं येतंय. कांदा तळाला धरलाय.

खाली ढवळून पाहिलं तर खरंच धरला होता. मी एकटी असते तर खूण करून पाठवलं असतं, आणि प्लेटांनीही कदाचित सांगितलं नसतं. ते पातेलं बाजूला ठेवलं, वरचा चांगला रस्सासुद्धा घेतला नाही. दुसरं लावलं. गाडी दीड तास उशिरा गेली आणि मालकांना पार्टीवाल्यांची बोलणी खावी लागली.

दुसरं झाल्यावर ठीकराव पुन्हा डोळे मिटून उभे राहिले. या वेळी मी मागे लागले नाही, त्यांचं तेच बोलायला लागले. वाफेबरोबर आधी मिरी येते म्हणाले. मग कांदा गोड लागतो, पार विरघळलाय. मटणाचा रस सगळ्यात शेवटी येतो आणि राहतो, गिळल्यावरही राहतो. लहानपणी ताप उतरला की त्यांची आई पहिला भात द्यायची, तेव्हा जसं लागायचं तसं काहीतरी, म्हणाले. इतकी वाक्यं मी त्यांच्या तोंडून बावीस वर्षांत ऐकली नव्हती.

त्यांचं बोलणं चालू असताना मी एक चमचा तोंडात घातला होता. गरम होता, एवढंच मला कळलं. ते सांगत होते तशी मी थांबत गेले. मिरी म्हणाले तेव्हा मिरीशी थांबले, कांदा म्हणाले तेव्हा कांद्याशी. लागलं काहीच नाही. पण घड्याळ बघितलं नाही, आणि तो गिळल्यावर मी आपणहून दुसरा चमचा घेतला.

मावशी